आटलेल्या तलावातलं इस्कंदरिया

त्या दिवशी सकाळी दोन शिपाई मास्तरांच्या घरी गेले. त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढला, कागदांची पेटी उचलली आणि मास्तरांना चावडीवर यायला सांगितलं. नकाशा उर्दूत होता. तो वाचायला मला बोलावलं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा महिना झाला होता.

एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली. पुढचंही सावकाशच होईल. तहसिलीत मी नक्कलनवीस होतो. दुसऱ्यांचे कागद जसेच्या तसे उतरून काढणं हे ज्याचं काम, त्याला घाईची सवय लागत नाही.

मास्तर आमच्या गावच्या मिडल स्कूलमध्ये जुगराफिया शिकवायचे. जुगराफिया म्हणजे भूगोल. तेव्हा शिक्षण उर्दूतून होतं. घरी मराठी बोलायची, बाजारात मराठी बोलायची आणि शाळेची पायरी चढली की उर्दू. आमचं गाव भूम आणि ईट यांच्या मधल्या माळावर. जमीन हलकी, पाऊस बेताचा. गावाच्या उत्तरेला तलाव होता. पाऊस बरा झाला तर संक्रांतीपर्यंत त्यात पाणी राही, नाही तर दिवाळीलाच तळ दिसे. तलावाच्या मध्यावर एक उंचवटा, त्यावर महादेवाचं देऊळ आणि दगडी दीपमाळ. काठापासून देवळापर्यंत जायला दगडमातीचा बांध घातलेला. त्या बांधानं तलावाचे दोन भाग केले होते.

मास्तर गावात रुजू व्हायला आले त्या दिवसाची हकिकत आप्पा सांगायचे. आप्पा म्हणजे गावातले अडतदार, पेठेतल्या मोठ्या कोठाराचे मालक. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि गोष्ट सांगायची हौस.

"मास्तर गाडीतनं उतरले अन् तळ्याकडं बघत हुबेच राह्यले," आप्पा सांगायचे. "म्या म्हनलं, सामान उतरवू का? तर मला म्हनले, आप्पा, ये तो इस्कंदरिया है. म्या म्हनलं, न्हाय साहेब, ह्ये आमचं गाव हाय. गाडीवान काय चुकला न्हाय."

इस्कंदरिया हे मिसर देशाचं बंदर. भूमध्य समुद्राच्या काठी वसलेलं. त्याच्यासमोर एक बेट होतं आणि बेटापर्यंत बांध घातलेला होता. बांधाच्या एका बाजूला एक बंदर, दुसऱ्या बाजूला दुसरं. बेटावर दीपस्तंभ. शहरातून सरळ एक रस्ता, त्याच्या एका टोकाला सूर्याची वेस, दुसऱ्या टोकाला चंद्राची. आमच्या गावालाही पूर्वेकडं एक वेस होती आणि पश्चिमेकडं एक, आणि मधून पेठ. मास्तरांना एवढं पुरलं. पुढची सोळा वर्षं त्यांनी आम्हांला आमच्याच गावातून ते शहर शिकवलं.

क्रमिक पुस्तकात मिसर देशाबद्दल एक पानही नव्हतं. कापूस होतो, नाईल नदी वाहते, लोक अरबी बोलतात, संपलं. पण मास्तरांचा हिशेब वेगळा होता. ते म्हणायचे, आपल्या तेरहून पूर्वी कापडाच्या गाड्या निघायच्या. गाड्या भडोचला, तिथून माल जहाजात, आणि शेवटी इस्कंदरियाच्या धक्क्यावर.

"जो गिऱ्हाईक दोन हजार बरस पहले तुमच्याकडनं कपडा घेत होता, त्याचं घर माहीत नको?" ते विचारायचे. "जावयाच्या गावाचं नाव विसरलं तर चालतं का रे?"

बारीक अंगाचे होते. शेरवानी एकच, कोपरावर तिला दुसऱ्या रंगाचं ठिगळ. पायात जाड चपला. बोलताना उर्दू, मराठी आणि दखनी यांची सरमिसळ, आणि कुणी हसलं की स्वतःही हसायचे, पण थोडे उशिरा, जणू आधी ते हसणं तपासून घेत असावेत. तलाव आटला की वर्ग तळात भरायचा. भेगाळलेल्या काळ्या मातीवर आम्ही बसायचो आणि मास्तर बांधावर उभे राहून समुद्र शिकवायचे.

"इकडं मोठं बंदर. तिकडं दुसरं. अरे, ए, तू कुठं बसलास? बुडशील ना. इधर आ, धक्क्यावर बस."

आमच्यातला एखादा म्हशीवर बसून तिथून जायचा. मास्तर त्यालाही थांबवत. "कुठून आलं जहाज? माल काय आहे?" तो म्हणायचा, "मास्तरसाब, शेण हाय." मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "लिख लो. खत. ज्या शहराला शेती आहे त्याला खत लागतं."

पिठाची गोष्ट अजून गावात सांगतात. त्या शहराची आखणी करायची होती तेव्हा खडू नव्हता, म्हणून जवाच्या पिठानं रस्ते आखले, आणि पाखरांचा थवा येऊन ते पीठ खाऊन गेला. असं पुस्तकात होतं. मास्तरांना ते आम्हांला दाखवायचं होतं. लढाईचे दिवस होते, धान्यावर कंट्रोल होतं. मास्तरांनी घरातून दोन शेर ज्वारीचं पीठ आणलं आणि तलावाच्या तळात रस्ते आखले. सूर्याच्या वेशीपासून चंद्राच्या वेशीपर्यंत. आम्ही काठावर बसून वाट पाहिली. पहिल्यांदा एक चिमणी आली. मग सगळ्या माळावरच्या आल्या.

मास्तर टाळी वाजवून ओरडले, "देखा? देखा? असंच झालं होतं!"

मागून त्यांच्या बीबी आल्या. बुरखा डोक्यावरून मागे टाकलेला, हातात रिकामी परात. त्या मास्तरांना एकही शब्द बोलल्या नाहीत. आमच्याकडं बघून म्हणाल्या, "बच्चो, आज शामकू तुमारे मास्टर को अपने अपने घर से एक एक रोटी ला के देओ. मेरे घर का आटा इस्कंदरिया गया."

आम्ही खरंच भाकरी नेल्या. मास्तरांनी घेतल्या, आणि प्रत्येकाला घरून आणलेली भाकरी कुठल्या शेताची ते विचारलं. त्यानंतर ते राखेनं रस्ते आखायला लागले.

दुसरी एक खोड होती, ती मला पुढं फार महागात पडली असं मी म्हणणार नाही, पण त्यांना पडली. इस्कंदरियात मोठा किताबखाना होता. बंदरात जहाज लागलं की त्यातली पुस्तकं सरकारजमा होत, त्यांच्या नकला करून नक्कल मालकाला परत जाई आणि मूळ पुस्तक किताबखान्यात राही. मास्तरांनी हा कायदा गावाला लागू केला. गावात कुणी परका आला, त्याच्याजवळ छापील कागद दिसला, की मास्तर तो मागून घेत. मोटारीचं तिकीट, औषधाच्या बाटलीचं लेबल, लग्नपत्रिका, तमाशाची जाहिरात, कुणाच्या खिशातला सरकारी हुकूम. रात्रीतून नक्कल उतरवत आणि सकाळी नक्कल मालकाला देत. मूळ कागद एका पत्र्याच्या पेटीत जाई. लोक आधी चिडले, मग त्यांना सवय झाली. एका कासाराला तर आपली पत्रिका मास्तरांच्या अक्षरात जास्त आवडली.

पुढं पुढं नकला ते माझ्याकडून करून घ्यायला लागले. माझं अक्षर त्यांनीच घडवलं. एकदा मी एका जाहिरातीतली चूक सुधारून लिहिली. मास्तरांनी कागद परत दिला.

"चूक पण उतार," ते म्हणाले. "ती त्याची आहे, तुझी नाही."

तो किताबखाना गावात कुठं, तर आप्पांचं कोठार. शहरात फिरत फिरत आम्ही तिथं पोचलो की मास्तर थांबायचे. शहरावर हल्ला झाला, बंदरातली जहाजं पेटवली, आग धक्क्यावरून आत आली आणि पुस्तकं जळाली, एवढं सांगून ते गप्प व्हायचे. पाच मिनिटं. आम्हांलाही गप्प राहावं लागे. कोठाराच्या दारात बसलेले आप्पा वैतागायचे.

"मास्तर, माझ्या दारात रोज ही सुतकी का बसवताय? गिऱ्हाईक माघारी जातंय."

"आप्पा, किताबें जली हैं."

"दोन हजार वर्सं झाली न्हवं? आता तरी राख सावडा."

पण आप्पांना त्या शहराच्या बाकीच्या गोष्टी फार आवडायच्या. दुपारी दुकान थंड असलं की ते मास्तरांना ओट्यावर बसवून घेत. जमिनीखालच्या कबरींची गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल. एक गाढव चालता चालता खड्ड्यात पडलं, त्याला काढायला माणसं उतरली तर खाली तीन मजल्यांचं दगडी दफनघर. आप्पा आपल्या धान्याच्या पेवाकडं बोट करून म्हणायचे, "आमच्या पेवात कुंभाराचं गाढव पडलं तर खाली निस्ती बुरशी." मग म्हणायचे, त्या सरबताचं सांगा. समुद्राच्या कडेनं लांबच लांब रस्ता, संध्याकाळी लोक हवा खायला येतात, ट्रामगाडी जाते, आणि टपरीवर बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत मिळतं. गावात कुणी बर्फ पाहिला नव्हता. आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "दाताला लागतो का हो?"

"पहले दात सुन्न होतात. मग गोड लागतं."

मास्तर बोलताना नेहमी "आपल्याकडं" म्हणायचे. आपल्याकडं संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो. आपल्याकडं मासळीबाजार पहाटे उठतो. रुजू होण्याआधी ते सात वर्षं कुठं तरी लांब होते हे गावाला माहीत होतं. ती सात वर्षं इस्कंदरियात गेली, हे आप्पांनी ठरवलं की आपोआप ठरलं, मला सांगता येणार नाही. मास्तर तसं कधी म्हणाले नाहीत. आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. ज्या माणसाला धक्क्यावरच्या पायऱ्या किती ते माहीत आहे, त्याला तू तिथं होतास का, असं कोण विचारतं?

एकदा शाळा तपासायला हैदराबादेकडचे साहेब आले. वर्ग रिकामा. शिपाई त्यांना तलावावर घेऊन आला. साहेबांनी आमच्यातल्या एकाला उभं केलं आणि आपल्या जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या. त्याला एकच आली. मग साहेबांनी उपहासानं विचारलं, मग काय येतं? त्यानं बेटापासून सुरुवात केली. दीपस्तंभाचे तीन मजले, खालचा चौकोनी, मधला आठ कोनांचा, वरचा गोल. भूकंपात तो पडला. पुढं एका सुलतानानं तिथंच किल्ला बांधला, आणि त्या स्तंभाचे दगड त्यात बसवले. साहेब ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "मास्टर साहब, आपका तबादला वहीं करा दें?" सगळे हसले. मास्तर थोडे उशिरा हसले. त्या वर्षी त्यांची बढती थांबली.

मी तहसिलीत लागलो तेव्हा मास्तर थकलेले होते. आवाज बसलेला. वर्गात मुलं कमी होत चालली होती. राज्यात गडबड सुरू झाली होती. कुणी सत्याग्रहात, कुणी सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत, कुणी गणवेश घालून काठ्या फिरवणारे. मास्तर कुठंच नव्हते. दोन्ही बाजूंची पत्रकं मात्र त्यांच्या पेटीत होती. मूळ कागद. नकला मालकांना परत गेल्या होत्या.

त्यांनी तो मोठा नकाशा याच दिवसांत काढला. मांजरपाटाच्या कापडावर, काळ्या आणि लाल शाईनं. मला म्हणाले, "आवाज जात चाललाय. मी नसलो तर पोरांना हे बघून शिकता येईल." त्यावर शहर होतं आणि प्रत्येक जागेखाली आमच्या गावातली तिची जोड लिहिली होती.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी बाहेरगावची माणसं मोटारीतून आली आणि आप्पांचं कोठार पेटलं. बारदान होतं, करडी होती, वाऱ्याचा दिवस होता. तलावात पाणी नव्हतं. लोक विहिरीतून घागरी आणत होते. मास्तरही घागर घेऊन आले. दाराजवळ त्यांच्या हातातून ती सुटली. ते तिथंच उभे राहिले आणि म्हणाले, "इथंच. इथंच लागली होती."

मी शेजारी होतो. मला ते कळलं. आप्पाही शेजारी होते.

सप्टेंबरात राज्य गेलं. त्यानंतर गावोगाव जे झालं ते त्या त्या गावांना माहीत आहे. आमच्या गावात घरं शाबूत राहिली, माणसंही राहिली, पण एकमेकांच्या ओट्यावर बसणं थांबलं. मग सोलापूरकडून एक अधिकारी चौकशीसाठी आला. तरुण होता, झोप न झालेला. कोठाराच्या जळिताचा अर्ज आप्पांनी केला होता. त्यात मास्तरांचं नाव होतं.

चावडीवर नकाशा टेबलावर पसरला होता. मास्तर भिंतीशी उभे. दारात गर्दी. त्यातले निम्मे तरी मास्तरांच्या हाताखाली शिकलेले.

"वाचा," अधिकारी म्हणाला.

मी वाचलं. सूर्याचा दरवाजा, खाली पूर्वेची वेस. चंद्राचा दरवाजा, खाली पश्चिमेची वेस. दीपस्तंभ, खाली महादेवाची दीपमाळ. फौज इकडून आली. किताबखाना, खाली आप्पांचं कोठार. त्याच्या शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, यहाँ आग लगी. सब जल गया. मी तेही वाचलं.

"हा नकाशा कधीचा?"

"गेल्या हिवाळ्यातला," मी म्हणालो.

"आणि कोठार जळालं उन्हाळ्यात."

आप्पा पुढं आले. आवाज चढलेला नव्हता. "साहेब, सोळा वर्सं ह्यो मानूस माझ्या ओट्यावर बसलाय. मला बोलताना बरं वाटत न्हाय. पर त्या दिवशी आग लागली तवा ह्ये माझ्याशेजारी हुबे राहून म्हनले, इथंच. ह्ये आधी कसं ठाव झालं ह्यांना?"

मी सांगायला लागलो. हे शहर मिसर देशातलं आहे, ही आग दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, मास्तर असंच शिकवतात, गावातली जागा दाखवून तिथली जागा सांगतात. पेटीतली पत्रकं त्यांची नाहीत, ते सगळेच छापील कागद गोळा करतात. बोलताना ते कसं ऐकू येतंय हे माझं मलाच कळत होतं. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"तुम्हांला वाटतं, यावर माझा विश्वास बसावा?"

"साहेब, मास्तर तिथं राहिलेत," मी म्हणालो. "सात वर्षं."

त्याचा चेहरा बदलला. इतका वेळ त्याच्या हाताला काही लागत नव्हतं, आता लागलं. "मिसरमध्ये? मग तसं सांगा ना. राहून आलेला माणूस गावच्या पोरांना ते शहर शिकवतो, हे समजण्यासारखं आहे." त्यानं आप्पांकडं पाहिलं. "खरं आहे का हे?"

आप्पांनी क्षणभर विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "त्ये खरं हाय. सात वर्सं व्हते तिकडं. समद्या गावाला ठाव हाय." आणि मग, "तिथलं आमास्नी लई सांगितलंय त्यांनी."

दारातली माणसं माना हलवायला लागली. कुणी तरी म्हणालं, गाढवाची गोष्ट सांग साहेबांना. मला वाटलं, सुटलं.

अधिकारी मास्तरांकडं वळला. "तुम्ही किती साली तिथं होता?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नुसतं एक साल सांगा, कुठलंही. त्यांना माझं म्हणणं कळलं होतं, हे मी खात्रीनं सांगतो.

"नक्को बेटा," ते मला म्हणाले. मग अधिकाऱ्याला म्हणाले, "नाही साहेब. मी हैदराबादच्या पुढं कधी गेलो नाही. सात बरस चौकात एका किताबवाल्याकडं कातिब होतो, किताबें उतरवायचो. एका किताबीत हे शहर होतं. समुद्र मी पाहिलेला नाही."

अधिकाऱ्यानं विचारलं, "मग सगळं गाव म्हणतंय ते?"

"त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते माझं चुकलं. पण आज विचारलंत, आणि हे सगळे माझे शागीर्द आहेत. यांच्यासमोर..."

आप्पा खाली बसले. चावडीच्या पायरीवर, धोतराची फिकीर न करता. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं, अधिकाऱ्याकडं नाही.

"न्हाय गेले तुमी?"

"नाही, आप्पा."

"मग त्ये सरबत? बर्फाचं?"

"किताब में था."

"दात सुन्न व्हत्यात म्हनला व्हता की."

मास्तरांनी मान खाली घातली. कोठार जळालं त्या दिवशी आप्पा जितके दिसले नव्हते तितके त्या वेळी थकलेले दिसले. ते उठले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, आता मला काय बी सांगता येत न्हाय. ह्यांचं काय खरं अन् काय खोटं, तुमीच बघा."

अधिकारी माझ्याकडं वळला. "तुम्ही सरकारी नोकर आहात. मघाशी सात वर्षं म्हणालात, ते कशावरून?"

"मला तसं वाटत होतं."

"बाकीचंही तसंच वाटत होतं का?"

मी बोललेलं सगळं त्या एका वाक्याबरोबर गेलं. मास्तर खरं बोलले म्हणून ते गेलं, की मी न विचारता खरं मानलं म्हणून गेलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आता करत नाही.

शिपायांनी मास्तरांना नेलं. माझ्याजवळून जाताना ते थांबले. मला वाटलं रागावतील.

"पढ़ा अच्छा तुमने," ते म्हणाले. "एकही हर्फ चुकला नाहीस."

चार महिने ते जिल्ह्याच्या तुरुंगात होते. त्यांच्यावर काही शाबीत झालं नाही. कोठार जाळणारे कोण, हे पुढं दुसऱ्याच कुणाच्या जबाबातून निघालं. मास्तर सुटून आले तोवर शाळा मराठी झाली होती आणि त्यांच्या जागी माणूस आला होता. नकाशा आणि पेटी परत मिळाली नाही.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बीबी भांडी पोत्यात भरत होत्या. मास्तर आत झोपले होते. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुम सच समझ के बोले. वो सच बोले. दोनों सच्चे, और घर मेरा गया."

मी पोत्याचं तोंड धरून उभा राहिलो. त्या भांडी भरत राहिल्या.

"गेल्या हफ्त्यात आप्पाकडनं कुणी आलं होतं," त्या म्हणाल्या. "सामानाला गाडी लागल का विचारत होतं. मैं बोली, लागल."

गाडी आली. आप्पा आले नाहीत. मोटार थांबायची तिथपर्यंत मी गेलो. मास्तर पुढच्या बाकावर बसले, मफलर कानाला गुंडाळलेला, तब्येत उतरलेली. माळावर धूळ उडत होती. त्यांनी मला विचारलं, नोकरी नीट चाललीय ना. मी हो म्हणालो. एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या वर्षी हैदराबादहून बीबींचं कार्ड आलं. मास्तर छातीच्या दुखण्यानं गेले होते. कार्ड कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं आणि त्यात दोन चुका होत्या.

आप्पांशी माझं त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. त्यांनी कोठार पुन्हा बांधलं. म्हातारपणी ते नातवाबरोबर सोलापूरला डोळे दाखवायला गेले होते. परत आल्यावर मला पेठेत थांबवून म्हणाले, "सोलापुरात बर्फाचं सरबत पिलो." मी विचारलं, कसं होतं? ते म्हणाले, "म्हनले व्हते तसंच," आणि निघून गेले.

मी नक्कलनवीसाची नोकरी सोडली आणि ट्रेनिंग करून शिक्षक झालो. गावच्या शाळेत भूगोल आता माझ्याकडं आहे. वर्ग खोलीत भरतो, भिंतीला छापील नकाशे आहेत. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगतो की या पुस्तकातली एकही जागा मी पाहिलेली नाही. मुलं थोडी सैल होतात, मागच्या बाकावर बोलणं सुरू होतं. मग मी धडा वाचायला घेतो.